फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्युदर ठिकठिकाणी वेगळे का असतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोगाच्या आकडेवारीवर कोठे बोलायला गेले, की शेवटी श्रोत्यांच्या चिठ्ठ्या येतात आणि पुढे काही महिने तेच प्रश्न फोनवर व व्हॉट्सॲपवर येत राहतात. दादर, लालबाग, मुलुंड, मानखुर्द अशा मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून संबंधित प्रश्नाचा क्रमांक जागोजागी दिला आहे. हे पान आकडे कसे वाचावेत यासाठी आहे. कोणाच्या आजारावर सल्ला देणे हा त्याचा हेतू नाही आणि तो माझा अधिकारही नाही.

१. वर्तमानपत्रात ‘अमुक इतके मृत्यू’ असे छापून येते आणि तुम्ही मात्र ‘दर’ म्हणता. दोन्हींत फरक काय?

मृत्यूंची संख्या लोकसंख्येच्या आकाराबरोबर वाढते. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, तर मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्याची जेमतेम ४ लाख. अशा दोन ठिकाणांच्या नुसत्या संख्या शेजारी ठेवल्या, तर मुंबईच भयंकर दिसणार. म्हणून वर्षभरातील मृत्यूंना तेथील लोकसंख्येने भागून दर लाख लोकांमागे किती मृत्यू झाले ते काढतात. त्याला मृत्युदर म्हणतात.

टक्केवारी ही तिसरीच गोष्ट आहे आणि सर्वांत जास्त घोटाळा तिच्यामुळे होतो. ‘कर्करोगाच्या १०० मृत्यूंपैकी १५ फुफ्फुसाच्या कर्करोगाचे’ या वाक्यातून तेथे तो रोग फार आहे की बाकीचे कर्करोग कमी आहेत, हे कळत नाही.

२. नवे रुग्ण आणि मृत्यू यांपैकी कोणता आकडा पाहावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २४.८ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख लोक त्याने मरण पावले. भारतासाठीचा अंदाज सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ७५ हजार मृत्यू असा आहे. आपल्याकडे हे दोन आकडे एकमेकांना इतके चिकटलेले असण्याचे कारण उघड आहे: निदान बहुतेक वेळा उशिरा, रोग पसरल्यावर होते.

स्तनाच्या कर्करोगात नव्या रुग्णांचा नकाशा आणि मृत्यूंचा नकाशा बराच वेगळा निघू शकतो. फुफ्फुसाच्या बाबतीत भारतात तरी एक नकाशा पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे मृत्यूच्या कारणांची नोंद दुबळी आहे (प्रश्न ११ पाहा). कर्करोग नोंदणी केंद्रांकडील नव्या रुग्णांची नोंद तुलनेने विश्वसनीय असते. म्हणून पुढे जेथे नव्या रुग्णांचा दर दिला आहे, तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

३. ‘वयोप्रमाणित दर’ म्हणजे काय? साधा दर का चालत नाही?

फुफ्फुसाचा कर्करोग मुख्यत्वे उतारवयाचा रोग आहे. त्यामुळे ज्या वस्तीत म्हातारी माणसे अधिक, तेथे मृत्यू अधिक. यात त्या वस्तीचा दोष काहीच नसतो.

एक काल्पनिक हिशेब मांडू. प्रत्येकी १ लाख लोकांच्या दोन वस्त्या घ्या. दोन्हींकडे धोका अगदी सारखा आहे असे धरा: साठीच्या आतील लोकांत लाखामागे २ मृत्यू आणि साठीपुढील लोकांत लाखामागे ५०. पहिल्या वस्तीत, जिची तरुण पिढी ठाण्या-पुण्याला किंवा परदेशी गेली आहे, साठीपुढचे २० टक्के लोक आहेत. तेथे वर्षाला ११.६ मृत्यू येतात. दुसऱ्या, नव्याने वसलेल्या तरुण वस्तीत साठीपुढचे ५ टक्केच आहेत, तेथे ४.४ येतात. धोका तसूभरही वेगळा नसताना एका वस्तीचा दर दुसरीच्या अडीचपटीहून अधिक दिसतो. वयोप्रमाणित दर काढताना दोन्ही वस्त्यांची वयरचना एकच आहे असे मानतात, म्हणून हा भ्रम निघून जातो.

कर्करोगाच्या तुलनेसाठी बहुतेक ठिकाणी १९६० मध्ये सेगी या जपानी शास्त्रज्ञाने सुचवलेली आणि नंतर किंचित बदललेली ‘जागतिक प्रमाण लोकसंख्या’ वापरतात. काही देश स्वतःची वेगळी वयरचना वापरतात. अमेरिकेच्या सरकारी तक्त्यातील आकडा उचलून तो भारताच्या तक्त्यातील आकड्याशेजारी ठेवला, तर तुलना फसते. या पानावर भारतातील जे दर दिले आहेत, ते सर्व वयोप्रमाणित आहेत.

४. भारतात हा रोग सर्वांत जास्त कोठे आणि सर्वांत कमी कोठे आहे?

ईशान्य भारतात, आणि त्यातही मिझोरममध्ये, तो सर्वांत जास्त आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालानुसार २०१२ ते २०१६ या काळात ऐझॉल जिल्ह्यात फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या नव्या रुग्णांचा दर पुरुषांत लाखामागे ३८.८ आणि स्त्रियांत ३७.९ होता. मुंबईचा दर याच्या कित्येक पट खाली आहे. त्या आकड्यांत मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की तेथे स्त्री-पुरुषांच्या दरांत जवळजवळ अंतरच नाही. भारतात इतरत्र पुरुषांचा दर स्त्रियांच्या बराच वर असतो.

त्याच अहवालात महानगरांत आणि दक्षिण विभागात पुरुषांच्या कर्करोगांमध्ये फुफ्फुसाचा पहिल्या क्रमांकावर आहे. पश्चिम व मध्य विभागांत पहिला क्रमांक तोंडाच्या कर्करोगाचा आहे. दुसऱ्या टोकाला आपलेच दोन जिल्हे आहेत. उस्मानाबाद (आजचे धाराशिव) आणि बीड येथे पुरुषांतील सर्व प्रकारच्या कर्करोगांच्या नव्या रुग्णांचा मिळून दर लाखामागे ३९.५ इतकाच होता. म्हणजे ऐझॉलमधील एकट्या फुफ्फुसाच्या कर्करोगाएवढाच तेथील सगळ्या कर्करोगांचा आकडा भरतो.

५. मग बीड-धाराशिवचे आकडे कमी आहेत, कारण तेथे कोणी तपासतच नाही, असेच ना?

ही शंका मराठवाड्यातून मुंबईत आलेली मंडळी हमखास घेतात आणि ती अर्धी बरोबर आहे. सीटी स्कॅन आणि बायोप्सीची सोय लांब असली, की काही रोगी निदानावाचून जातात आणि दर कमी दिसतो. पण केवळ एवढ्याने उत्तर पुरे होत नाही.

भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांत रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव फिरून चौकशी करीत आणि संशयित रुग्णाला तपासणीला आणीत. एवढा खटाटोप करूनही तेथील दर शहरांच्या तुलनेत कमीच निघाले. म्हणून निदानाचा अभाव हे एक कारण आहे, पण कमी धूम्रपान हेही खरे कारण आहे, असे मी मानतो. २००१ ते २००३ मधील मृत्यूंची घरोघर जाऊन केलेली देशव्यापी पाहणी मात्र सांगते, की सर्व कर्करोग एकत्र धरले तर ग्रामीण आणि शहरी भारताचे मृत्युदर एकमेकांच्या जवळच आहेत. ‘खेड्यात कर्करोग नसतो’ हे विधान त्यापुढे टिकत नाही.

६. महाराष्ट्रात एवढी तंबाखू मळली जाते. तरी फुफ्फुसाचा कर्करोग तुलनेने कमी कसा?

कारण आपण तंबाखू मळतो, ओढत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. पण ओढणारे ३.८ टक्केच होते आणि खाणारे, लावणारे, मळणारे २४.४ टक्के. देशात ओढणाऱ्यांचे प्रमाण १०.७ टक्के होते आणि मिझोरममध्ये ३४.४ टक्के.

गाय छाप, गुटखा, मावा आणि दात घासायच्या नावाखाली वापरली जाणारी मशेरी यांची किंमत तोंड आणि अन्ननलिका चुकवतात. फुफ्फुसापर्यंत पोहोचतो तो धूर. त्यामुळे फुफ्फुसाचा दर कमी आहे म्हणून महाराष्ट्राने समाधान मानण्याचे कारण नाही. रोगाने पत्ता बदलला आहे, एवढेच. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तिचाही संबंध मुख्यत्वे तोंडाच्या कर्करोगाशी आहे.

७. विडी पानाची असते, तंबाखूही कमी असते. म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य नाही का?

नाही. याचे उत्तर मुंबईनेच दिले आहे. १९९० च्या दशकात मतदार याद्यांच्या आधारे शहरातील ३५ वर्षांवरील सुमारे दीड लाख लोकांची माहिती घरी जाऊन घेण्यात आली आणि काही वर्षांनी त्यांतील कोण हयात आहे, कोण नाही, हे पुन्हा पाहण्यात आले. विडी ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी नाही, हे त्यातून दिसले. विडी पटकन विझते, म्हणून ती जिवंत ठेवायला अधिक वेळा आणि अधिक जोराने झुरके घ्यावे लागतात.

८. मुंबईची हवा एवढी बिघडली आहे. आमच्या भागातील मृत्यू हवेमुळेच होत असतील ना?

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेरील प्रदूषित हवेला कर्करोगाचे सिद्ध कारण ठरवले आहे. तेव्हा हवेचा संबंध नाही, असे कोणी म्हणू नये. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर ज्यांनी खाल्ला, त्यांचा राग समजण्यासारखाच आहे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली प्रमाणाची: नियमित धूम्रपानाने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो, प्रदूषित हवेने तो काही टक्क्यांनी वाढतो, मात्र हवा सगळेच घेतात, म्हणून एकूण मृत्यूंत तिचा वाटा नगण्य राहत नाही. दुसरी नकाशाची: केवळ हवेने दर ठरत असता, तर डोंगरमाथ्यावरच्या ऐझॉलचा दर सर्वांत वर आणि दिल्ली-कानपूरकडच्या मैदानी पट्ट्याचा त्याच्या खाली असा उलटा क्रम दिसला नसता. शिवाय आजच्या धुराचा हिशेब आजच्या दरात नसतो (प्रश्न १० पाहा).

९. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात विडीला हात लावला नाही. तरी त्यांना हा रोग झाला. असे ठिकाणानुसार घडते का?

होय, आणि त्याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण चीनच्या युन्नान प्रांतातील शुआनवेई हे आहे. तेथील स्त्रिया क्वचितच धूम्रपान करीत, तरीही त्यांचा फुफ्फुसाच्या कर्करोगाचा मृत्युदर चीनमध्ये सर्वांत वरच्या दरांपैकी होता. कारण घरातच होते: धुराडे नसलेल्या, जमिनीत खणलेल्या उघड्या चुलीत तेथे विशिष्ट प्रकारचा धुरकट दगडी कोळसा जाळला जाई. पुढे घरोघर धुराड्याच्या शेगड्या आल्या आणि काही वर्षांनी अशा घरांतील धोका स्त्री-पुरुष दोघांतही निम्म्याच्या आसपास उतरला. कोळसा तोच होता, फक्त धुराला बाहेर जायची वाट मिळाली.

आपल्याकडील लाकूड व गोवऱ्यांचा धूर ‘संभाव्य’ कारणांच्या गटात आहे, म्हणजे पुरावा कोळशाइतका भक्कम नाही. उच्च तापमानावर तळतानाचा धूरही त्याच गटात येतो. याशिवाय धूम्रपान न केलेल्या रुग्णांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, गाठीत ईजीएफआर या जनुकातील बदल अधिक वेळा सापडतो आणि पूर्व आशियातील लोकांत त्याचे प्रमाण युरोपपेक्षा बरेच अधिक आहे. हा बदल असल्यास त्यावर नेमकी औषधे असतात, म्हणून ती चाचणी झाली आहे का हे डॉक्टरांना जरूर विचारावे. घरातील कोणी ओढत होते का, हा प्रश्नही वगळू नये; दुसऱ्याच्या विडी-सिगारेटचा धूर हेही सिद्ध कारण आहे.

१०. इतर देशांतही प्रदेशाप्रदेशांत एवढा फरक असतो का?

असतो. हंगेरीचा मृत्युदर अनेक वर्षे जगातील सर्वाधिक दरांपैकी आहे. अमेरिकेत तंबाखूची शेती करणाऱ्या केंटकी राज्याचा दर, जेथे धर्माच्या शिकवणुकीमुळे धूम्रपान फार थोडे होते अशा युटा राज्याच्या दुपटीहून अधिक आहे. देश एक, कायदे बरेचसे सारखे, औषधेही तीच. तरी एवढे अंतर.

सर्वांत बोधप्रद भाग काळाचा आहे. धूर आणि मृत्यू यांच्यात साधारण वीस ते चाळीस वर्षांचे अंतर असते. अमेरिकेत पुरुषांचा दर १९९० च्या सुमारास शिखरावर पोहोचला आणि मगच उतरू लागला. धूम्रपान घटायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात झाली होती. चिलीमधील आंतोफागास्ता भागात १९५८ ते १९७० या काळात पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण फार होते. पाणी शुद्ध झाल्यावरही तेथील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू कित्येक वर्षे वाढतच राहिले. आजचा नकाशा हा असा मागच्या पिढीच्या सवयींचा आणि कामांचा असतो. दोन ऑक्टोबर २००८ पासून आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. तिचे पूर्ण फळ आकड्यांत दिसायला अजून अवधी लागेल.

११. वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले, पण डॉक्टरांच्या कागदावर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिले. त्यांचा मृत्यू कोणत्या रकान्यात मोजला जातो?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हृदय आणि श्वास बंद पडणे हे मरणाचे कारण नसून मरणाचीच व्याख्या आहे. सगळेच जण तसे मरतात.

रुग्णालयात भरल्या जाणाऱ्या कारणाच्या दाखल्यात पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. वरच्या ओळीत शेवटची अवस्था लिहायची, खाली ती कशामुळे आली, आणि सर्वांत खालच्या ओळीत मूळ रोग. उदाहरणार्थ: श्वसन निकामी होणे, त्याखाली न्यूमोनिया, त्याखाली फुफ्फुसाचा कर्करोग. मोजणी होते ती मूळ कारणाची. ती खालची ओळ कोरी राहिली, तर तो मृत्यू कर्करोगाच्या हिशेबातून निसटतो. नुसते ‘कॅन्सर’ लिहिले, तर अवयव न कळलेल्या कर्करोगांत जमा होतो. स्तनाचा किंवा आतड्याचा कर्करोग फुफ्फुसात पसरला असताना ‘फुफ्फुसाचा कर्करोग’ लिहिले, तर उलट फुफ्फुसाचा आकडा फुगतो.

देशात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते आणि राज्याराज्यांत हे प्रमाण कमालीचे वेगळे आहे. त्यामुळे दोन राज्यांचे मृत्युदर मांडताना आपण रोगाची तुलना करतो आहोत की कारकुनीची, हे आधी तपासावे लागते.

एक गैरसमज येथेच दूर करतो. महापालिकेकडून वारसांना मिळणाऱ्या मृत्यू प्रमाणपत्रावर कारण नसतेच. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानेच ते उघड करण्यास मनाई आहे. कारण लिहिलेला दाखला डॉक्टरांनी भरलेला वेगळा कागद असतो आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे बंधनकारक आहे. ती मागून घ्यावी व खालची ओळ वाचावी.

१२. आधी सहा महिने टीबीचे औषध दिले, मग कर्करोग निघाला. असे फार होते का? आकड्यांवर त्याचा परिणाम होतो का?

दुर्दैवाने होते. खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त आणि एक्स-रेवर डाग, ही लक्षणे दोन्ही रोगांत सारखी असतात. आणि ज्या शहरात क्षयरोग एवढा आहे, तेथे डॉक्टरांचे पहिले लक्ष तिकडेच जाते. थुंकीत जंतू सापडलेले नसताना औषध सुरू झाले आणि काही आठवड्यांत उतार नाही, तर पुढची तपासणी लांबवू नये. आकड्यांच्या दृष्टीने पाहिले, तर क्षयरोग जास्त असलेल्या भागांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे काही मृत्यू क्षयाच्या नावावर जातात आणि त्या भागाचा दर प्रत्यक्षाहून कमी दिसतो.

१३. आजोबा चाळीस वर्षे परळच्या गिरणीत होते, निवृत्तीनंतर कणकवलीला गेले आणि तेथेच वारले. हा मृत्यू मुंबईचा की सिंधुदुर्गाचा?

नोंद सिंधुदुर्गाची. जन्म-मृत्यूची नोंद घटना जेथे घडली तेथे होते, तर कर्करोग नोंदणी केंद्रे रुग्णाचे राहण्याचे ठिकाण पाहतात आणि किमान एक वर्ष तेथे राहिलेल्यालाच रहिवासी धरतात. आजोबा दोन्ही नियमांनी कोकणातले ठरतात. त्यांनी आयुष्यभर श्वासात घेतलेली हवा आणि ओढलेल्या विड्या मुंबईच्या असल्या, तरी हिशेब गावाच्या खात्यावर पडतो. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव रिकामे होत गेले. कोकण, सातारा आणि सांगलीकडे परतलेल्या त्या पिढीचे मृत्यू मुंबईच्या दरात कधी आलेच नाहीत. माझ्या मते मुंबईचा दर त्यामुळे काही अंशी कमी दिसत असावा, पण हे अनुमान आहे.

उलटा प्रकारही मोठा आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून देशभरातून रुग्ण येतात. त्यांतील जे येथेच दगावतात त्यांच्या मृत्यूची नोंद मुंबईत होते. १९६३ मध्ये स्थापन झालेली मुंबईची कर्करोग नोंदणी, जी भारतातील पहिली, ती पत्ता पाहून अशा बाहेरच्या रुग्णांना वगळते. म्हणून एखाद्या रुग्णालयाचा आकडा आणि शहराचा दर यांची गल्लत करू नये. पत्त्याचा मुद्दा प्रश्न १७ मध्ये पुन्हा येतो.

१४. गिरणी किंवा गोदीतल्या कामामुळे धोका वाढतो का?

गोदीबाबत उत्तर होय असू शकते, गिरणीबाबत बहुधा नाही. कापसाच्या धुळीने श्वास लागण्याचा बिसिनोसिस हा गंभीर आजार होतो. पण फुफ्फुसाचा कर्करोग वाढल्याचे दिसत नाही. शांघायच्या कापडगिरण्यांतील स्त्री कामगारांत तर तो उलट कमी आढळला.

गोदीची गोष्ट जहाजांत उष्णतारोधक म्हणून वापरल्या गेलेल्या ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजामुळे वेगळी. १९७५ मध्ये अमेरिकेने काउंटीनुसार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कर्करोग मृत्यूंचे नकाशे छापले, तेव्हा आग्नेयेकडील समुद्रकिनाऱ्याच्या काही काउंट्या फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी ठळक उठून दिसल्या. संशोधक जॉर्जियाच्या किनाऱ्यावर गेले, मृतांच्या घरच्यांना त्यांच्या नोकऱ्या विचारल्या आणि दुसऱ्या महायुद्धातील जहाजबांधणीच्या गोद्यांवर काम केलेल्यांत धोका सुमारे दीडपट निघाला. धूम्रपानाचा हिशेब वेगळा काढूनही तो फरक उरला. माझगाव, दारूखाना, शिवडी या भागांत जहाजे बांधण्या-तोडण्याची कामे केलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले, की धोका नुसत्या बेरजेहून अधिक वाढतो.

१५. आमच्या एकाच सोसायटीत पाच वर्षांत चार जण या रोगाने गेले. मोबाइल टॉवर काढायला सांगावा का?

टॉवरने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, असा पुरावा नाही. चार मृत्यूंवरून दरही काढता येत नाही, कारण छोट्या संख्या निव्वळ योगायोगाने खूप हलतात. एखाद्या विभागात वर्षाला ९ मृत्यू नोंदले गेले, तर त्यामागील ‘खरी’ सरासरी ४ ते १७ यांत कोठेही असू शकते. १०० मृत्यू असतील, तर तीच कक्षा साधारण ८१ ते १२२ इतकी आवळते. विभागवार नकाशात सर्वांत लाल आणि सर्वांत हिरवे, दोन्ही रंग बहुधा लोकसंख्या कमी असलेल्या विभागांना मिळतात, ते यामुळेच.

त्यात भाजकाची, म्हणजे मृत्यूंना ज्या लोकसंख्येने भागायचे तिची, अडचण असते. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली आणि उपनगरांची वाढली. त्यानंतरच्या वर्षांसाठी २०११ च्या जनगणनेवरून केलेला अंदाजच भाजक म्हणून वापरावा लागतो. पुनर्विकासात चाळी उठून उंच इमारती उभ्या राहिलेल्या विभागात तो अंदाज किती चुकेल, हे लालबागकरांना सांगायला नको. सोसायटीतील चौघांचे वय, धूम्रपान, व्यवसाय आणि रोगाचा नेमका प्रकार यांत साम्य निघाले, तर मात्र चौकशीला अर्थ आहे.

१६. केरळच्या किनाऱ्यावर किरणोत्सारी वाळू आहे. तेथील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे कारण तेच का?

तर्क आकर्षक आहे. करुणागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर वाळूतील मोनाझाइट या किरणोत्सारी खनिजामुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग खरोखरच जास्त आहे आणि केरळच्या काही जिल्ह्यांत पुरुषांतील फुफ्फुसाचा कर्करोगही बराच आहे. पण त्या भागातील रहिवाशांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला असता किरणोत्सर्ग अधिक असलेल्या घरांत कर्करोग अधिक आढळला नाही. जमिनीतून निघणारा किरणोत्सारी रेडॉन वायू हे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे, परंतु तो बंदिस्त घरांत व खाणींत साठतो. खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या उष्ण प्रदेशात तसा साठत नाही. केरळच्या दरामागे विडी आणि वाढते वय ही साधी कारणेच अधिक वजनदार आहेत.

१७. आईला उपचारासाठी गावाहून मुंबईला आणले आहे. रुग्णालयात पत्ता आमचा द्यावा की गावचा?

गेले वर्षभर त्या जेथे राहत होत्या तो, गाव, तालुका आणि जिल्हा यांसह. पुष्कळ जण पत्रव्यवहार सोपा जावा म्हणून भांडुपच्या भावाचा, नाहीतर उतरलेल्या धर्मशाळेचा पत्ता लिहून देतात. मग त्या मुंबईच्या रहिवासी ठरतात. शहराचा दर एकाने वाढतो आणि त्यांच्या जिल्ह्याचा एकाने घटतो. मोठ्या शहराला एकाचा फरक जाणवत नाही, पण लहान तालुक्याच्या आकड्यात अशा पाच-दहा नोंदी गेल्या, तर तेथे हा रोग नाहीच असे चित्र तयार होते. संपर्कासाठी मुंबईचा फोन क्रमांक आणि दुसऱ्या रकान्यात येथील तात्पुरता पत्ता अवश्य द्यावा.

नोंदणीचे कर्मचारी माहिती विचारायला आले, तर आणखी तीन गोष्टी न विचारताही सांगाव्यात: घरात चूल किती वर्षे होती आणि तिला धुराडे होते का, त्यांनी किंवा घरातील कोणी विडी किती वर्षे ओढली, आणि लग्नाआधी व नंतर त्या कोणत्या कामावर होत्या. बायकांच्या कामाचा रकाना ‘गृहिणी’ एवढाच भरून सोडून देतात. वीटभट्टी, खडी फोडणे किंवा विड्या वळणे ही कामे त्यात कधी येत नाहीत.